दोघांत एक लेन्स

त्या लेन्सवर दोघांचे हात एकदमच पडले.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान ते. एवढंसं, की तिसरं गिऱ्हाईक आत शिरलं की पहिल्याने पोट आत ओढून उभं राहायचं. कपाटात एकच लेन्स बरी उरली होती. दुकानदार काकांनी ती फडक्याने पुसून काउंटरवर ठेवली मात्र… डावीकडून एका मुलीची बोटं आली, उजवीकडून कुणाचीतरी शाईने माखलेली.

"मी मघापासून हिच्यासाठी उभा आहे," तो म्हणाला.

"मी पण."

"नाही हं. तुम्ही भिजलेल्या आहात आणि मी कोरडा. म्हणजे मी पावसाच्या आधी आलो, तुम्ही नंतर. पाऊस साक्षीदार आहे."

तिला हसू आवरेना. "वकील आहात का?"

"छापखान्यात असतो." त्याने नखं दाखवली. "तुम्ही?"

"मी फोटो काढते. पण माझे फोटो बघून आजवर कुणी खूश झालेलं नाही."

"इतके वाईट?"

"एक्स-रे."

तो असा खळखळून हसला की काकांनी चष्मा कपाळावर चढवून दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "भांडू नका रे पोरांनो. दोघांच्याही कॅमेऱ्याला हीच बसते. मिळून घ्या. एक रविवार हिचा, एक रविवार ह्याचा. दुसरी आली की मी सांगेनच."

खरं तर तिला दूरचं जवळ आणणारी, झूमवाली लेन्स हवी होती. तसं ती बोललीही.

"झूम कशाला?" त्याने विचारलं.

"लांबून काढता येतो. कुणाला कळत नाही."

"तेच तर नको. ही लेन्स जागची हलत नाही. जवळचं हवं असेल तर आपणच चार पावलं पुढे व्हायचं."

"आणि समोरचा चिडला तर?"

"तर फोटोत चिडलेला येईल. रुसलेली माणसं गोड दिसतात…" तो थांबला. "म्हणजे, काही काही."

तिने मान खाली घातली आणि लेन्सची पिशवी उगाच दोनदा तपासली.

मग रविवारांचा नेमच होऊन गेला. ज्याचा रविवार नसेल त्याने खरं तर घरी बसायचं. पण तो यायचाच. "झाकण सांभाळायला नको का कुणी?" असं म्हणत लेन्सचं काळं झाकण शर्टाच्या खिशात टाकायचा आणि शेजारून चालू लागायचा. तिनेही मग आपला रविवार नसताना घरी बसायचं सोडलं. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंही नाही. तो तिला 'एक्स-रे' म्हणायचा, ती त्याला 'छापखाना'.

त्याला पक्ष्यांचं वेड होतं, आणि ह्या लेन्सने पक्षी म्हणजे तिळाएवढे यायचे.

"हा ठिपका काय आहे?"

"खंड्या."

"मला वाटलं काचेवर धूळ बसली."

"धूळ? पाण्यात गुडघाभर उभा होतो मी त्याच्यासाठी!"

"त्याला कळवलंस का? तो आला असता जरा पुढे."

तिच्या फोटोंत मात्र बंद दारं, टेकवून ठेवलेल्या सायकली, ओले बाक. एकदा सर आली तेव्हा दोघं बसथांब्याच्या पत्र्याखाली उभी होती. कॅमेरा त्याने आपल्या जर्किनच्या आत धरला होता आणि स्वतः खांद्यापर्यंत भिजत होता. तेव्हा त्याने विचारलं, "तुझ्या फोटोंत माणसं का नसतात गं?"

"माणसं दिवसभर बघतेच की. आतून."

"मग एकदा बाहेरून बघ." असं म्हणून तो तिच्याकडे पाहत राहिला… आणि तिने समोरच्या गटाराकडे इतक्या निरखून पाहिलं, जणू त्याचाच फोटो काढायचा आहे.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "काय गं, एका लेन्सला दोन माणसं लागतात होय उचलायला?"

"वहिनी, जड असते ती."

"हो हो. काळजाला जड असणार."

असं सगळं छान चाललेलं असताना एका रविवारी नदीच्या पुलावर तो पक्ष्यांकडे बघतही नव्हता. झाकण बोटांत फिरवत शेवटी म्हणाला, "दूर एका बेटावर पक्ष्यांची मोजणी आहे. फोटो काढणारा माणूस हवाय त्यांना. दोन वर्षं तिथेच राहायचं."

तिने कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला. तोंडातून मात्र आलं, "छानच की!"

"छान?"

"म्हणजे… तुला हवंच होतं ना असं काही."

"हो. हवं होतं." तो पाण्याकडे पाहत म्हणाला. "अर्जासोबत माझा चेहऱ्याचा फोटो लागणार आहे. तू काढशील?"

"स्टुडिओत काढ की. नीट निघेल."

"स्टुडिओवाला मला कुठे ओळखतो?"

तो आठवडाभर ती एकच वाक्य मनात घासूनपुसून लख्ख करत होती. जाऊ नकोस. देवापुढे हात जोडले तरी तेच ओठांवर यायचं. फोटो काढून झाला की म्हणायचं, तिने ठरवलं. आधी फोटो, मग वाक्य.

रविवारी छापखाना बंद होता. यंत्रं निमूट उभी होती, भिंतीला टेकून कोऱ्या कागदांच्या थप्प्या, सगळीकडे शाईचा ओलसर वास. उंच खिडकीतून उतरत्या उन्हाची एक पट्टी आत आली होती. तिने त्याला त्या पट्टीत स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा लहान दिसत होता. ती एक पाऊल पुढे झाली. आणखी एक. त्याच्या पापण्या वेगळ्या दिसू लागल्या. एवढ्या जवळ ती कुणाच्याच गेली नव्हती. एक्स-रेच्या खोलीत तर बटण दाबायच्या वेळी आडोशामागे जायचं असतं.

"ऐक ना," तो म्हणाला. "मला एक सांगायचं होतं."

"हलू नकोस."

"नाही, फोटोच्या आधीच सांगायचंय. तू जर…"

"बोलू नकोस रे, ओठ हलतायत! ऊन चाललंय. श्वास रोख."

आणि त्याने श्वास रोखला. तिच्या समोर रोज बसणाऱ्या कुणाही पेशंटसारखा, अगदी शहाण्यासारखा. त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे ती इतके रविवार शोधत होती. तिने बटण दाबलं.

"श्वास सोडा," ती सवयीने म्हणाली.

दोघंही हसली. हसता हसता उन्हाची पट्टी भिंतीवर सरकली.

"हं, बोल आता. काय म्हणत होतास?"

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. बराच वेळ. "काही नाही. असा आहे मी?"

"असाच आहेस."

"मग… पाठवू?"

वाक्य तयार होतं. लख्ख होतं. पण तो आत्ताच 'काही नाही' म्हणाला होता, आणि ज्याला काही नाही त्याच्या वाटेत आपण का यावं?

"पाठव," ती म्हणाली.

फोटो बेटावरच्या लोकांना फार आवडला म्हणे. निघायच्या दिवशी बसस्टँडवर त्याने लेन्स तिच्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे. तिथे लांबचं दाखवणारी देणार आहेत."

"झूम?"

"झूम." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "येतो, एक्स-रे."

बस वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आलं, झाकण त्याच्याच खिशात राहिलं.

पुढे एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने तो फोटो दवाखान्यातल्या मोठ्या पडद्यावर उघडला. हाडाला गेलेली केसाएवढी चीर तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. डॉक्टरसुद्धा तिला बोलावून विचारायचे. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. त्याचे डोळे लेन्सकडे नव्हतेच. लेन्सच्या जरा वर, तिच्याकडे होते. आणि ओठ मिटलेले नव्हते, मिटवलेले होते. आतून एक शब्द दाराशी येऊन उभा होता, आणि दार तिनेच लावून घेतलं होतं.

डबा तसाच राहिला.

काकांच्या दुकानात ती गेली तेव्हा कपाटात अगदी तशीच एक लेन्स दिसली.

"ही कधी आली, काका?"

"ही होय?" काका कान खाजवत म्हणाले. "आली होती केव्हाच. तुम्ही दोघं जोडीने यायचात, म्हणून खणात ठेवून दिली. मला वाटलं, बोलायचं ते तुमचं तुम्ही बोलाल." मग हलकेच म्हणाले, "झाकण देऊ का एखादं? तुझी काच उघडी राहते."

"नको, काका. रुमाल बांधते मी."

बेटावरून एकदा एका पक्ष्याचा फोटो आला. पीस न् पीस मोजून घ्यावं असा स्पष्ट. मागे लिहिलं होतं, 'आता धूळ नाही ना वाटत?' ती पुष्कळ हसली आणि मग तोंड धुवायला गेली. दोन वर्षं सरल्यावर कळलं, तो तिथेच राहणार. त्याच्याबरोबर पक्षी मोजणारी एक मुलगी होती, तिच्याशी लग्न ठरलं होतं. इकडे तिने देवाकडे मनापासून त्याचं भलं मागितलं.

हल्ली ओळखीपाळखीचे लोक चेहऱ्याचा फोटो काढायला तिच्याकडेच येतात. ती झूम वापरत नाही. चार पावलं पुढे जाते. परवा वहिनीने शेजारच्या आजोबांना आणलं होतं. ते स्टुलावर ताठ बसले, ओठ घट्ट मिटून म्हणाले, "श्वास धरू का, बाळ?"

"नको, आजोबा. बोला तुम्ही. काहीही बोला."

"अगं पण ओठ हलतील ना!"

"हलू देत," ती म्हणाली. आणि बटणावरचं बोट उचलून, कॅमेरा खाली घेऊन, आधी त्यांचं सगळं ऐकत राहिली.