दाक्षायणीची वही

मोबाइलची बॅटरी बंद कर, काव्या. डोळ्यांवर येतेय. लाइट यायची तेव्हा येईल. भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? मग ऐका. मध्ये कुणी फिदीफिदी हसलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. ही इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या दोस्ताच्या, शिवलिंगप्पाच्या बाबतीत घडलीय.

शिवलिंगप्पा आणि मी एकाच शाळेत क्लार्क. त्याची एकुलती एक मुलगी, दाक्षायणी, तिथंच तिसरीत होती. पेन्सिल इतकी दाबून लिहायची की मागच्या चार पानांवर ठसा उमटायचा. बाई रागवायच्या, ही खुदकन हसायची. आठव्या वर्षी डेंग्यूनं गेली. पटावरून तिचं नाव कमी करायचं काम बापाच्याच टेबलावर आलं. मी म्हणालो, "आण इकडं, मी करतो." त्यानं दिलं नाही. लाल शाईची रेघ स्वतःच्या हातानं मारली. पुढं रेशनकार्डावरूनही नाव गेलं. तेव्हा त्याची बायको हेमावती म्हणाली, "कुटंतरी ऱ्हाऊ द्या की तिचं नाव."

तिथून त्यानं मनावर घेतलं. घराण्याची सगळी माहिती काढायची, वंशावळ लिहायची आणि शेवटी दाक्षायणीला बसवायचं. पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. मीच सांगितलं, हेळव्याला गाठ. हेळवी माहीत नाही तुम्हाला? काय शिकवतात रे शाळेत! सुगी झाली की बैलावर बसून यायचा, चोपडी उघडून खापरपणजोबापर्यंतची नावं वाचून दाखवायचा. माणूस मेला तरी त्या चोपडीतलं नाव खोडत नाहीत. म्हणून तर मी सांगितलं.

गेल्या वर्षी, पाच जानेवारी, रविवार. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आठवडा होता. त्यांच्या घराण्याचा हेळवी, महेश्वर, मंद्रूपला उतरला होता. शिवलिंगप्पा संध्याकाळी मोटारसायकलवर गेला. लिहायला लेकीचीच अर्धी कोरी वही नेली, खिशात फक्त एक निळं बॉलपेन. सात पिढ्या उतरवून घेतल्या. शेवटचं नाव त्याचं स्वतःचं. मग महेश्वरला म्हणाला, "आता माझ्या लेकीचं लिवा. दाक्षायणी."

"पोरींची नावं आमी लिवत न्हाय, मालक. ती सासरच्या चोपडीत चढत्यात."

"तिला सासर कुटलं? आठ वर्साची होती हो."

 महेश्वरनं चोपडी फडक्यात बांधली. "रीत हाय. माझ्या हातानं न्हाय व्हायचं," म्हणाला. डोळे त्याचेही भरले होते.

साडेदहाला शिवलिंगप्पा सोलापूरकडं निघाला. वही शर्टाच्या आत, पोटाशी. मंद्रूप मागं पडलं. रस्त्याला चिटपाखरू नाही.

गाडी एकाएकी मागं जड झाली.

कुणीतरी बसलं होतं.

दोन्ही कुशींशी शर्ट ओढला गेला. दोन लहान मुठी. दाक्षायणी अशीच धरून बसायची…

त्यानं मागं बघितलं नाही. रात्री मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. देवाचं नाव सुचेना. नुकतीच लिहिलेली नावंच तोंडात आली. ती तो मोठ्यानं म्हणायला लागला. बसप्पा… बसप्पाचा मल्लप्पा… असं करत करत… सोमलिंगचा शिवलिंगप्पा.

आणि थांबला.

मागून आवाज आला. झोपताना गोष्ट ऐकायची तेव्हा यायचा, तसाच.

"मग?"

त्यानं गाडी आणखी जोरात पळवली.

"पप्पा… मग?"

एकच नाव घ्यायचं होतं. जिभेवर होतं…

तो गप्प राहिला.

मुठी सुटल्या. गाडी हलकी झाली.

त्यानं गाडी थांबवून मागं बघितलं. कुणी नव्हतं. मग मात्र भर रस्त्यात उभा राहून तिच्या नावानं ओरडला, घसा बसेपर्यंत. काय उपयोग…

घरी येऊन त्यानं हेमावतीला सगळं सांगितलं. तिनं त्याच्या शर्टाला धरून हंबरडा फोडला. "लेकराला भ्याला व्हय तुमी? सोताच्या लेकराला?"

 अजून त्याला त्यावर बोलता येत नाही. मलाही… असो. पाणी द्या जरा.

मग तिनं त्याच्या शर्टातली वही काढून उघडली. शेवटी शिवलिंगप्पाचं नाव. वंशावळीत बापाखाली लेकरू दाखवायला ओढतात, तशी त्याच्या नावाखाली एक वाकडी रेघ होती. रेघेखाली जागा मोकळी. हेमावतीनं त्याच्याच खिशातलं बॉलपेन घेतलं आणि तिथं नाव लिहिलं.

ती वही मी हातात घेऊन पाहिलीय. नाव निळं आहे. वरची रेघ पेन्सिलीची आहे. मी पानं उलटून बोट फिरवलं. मागच्या चार पानांवर ठसा लागतो.