सुचित्राचा रोमन विळा

"मावशी, दोन वाजता विळा युनिव्हर्सिटीत परत गेला नाही ना, तर माझी ॲडमिशन कॅन्सल! पाच वर्षं पाण्यात!"

अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आपल्या घराच्या दारातच सुचित्राला रडू फुटलं. डिटेक्टिव्ह होती तिची मावशी अहिल्या, पण घाई तिच्या नवऱ्याला, कुमारला. त्याला दर केसमध्ये पहिल्याच मिनिटाला चोर सापडायचा, आणि दर वेळी भलताच.

विळा सोळाशे वर्षं जुना, रोमन. सुचित्रा त्या काळच्या शेतमजुरांवर थीसिस लिहीत होती. फोटो काढायला म्हणून तिनं तो युनिव्हर्सिटीच्या म्युझियममधून न विचारता घरी आणला. आज सकाळी बघते तर डबा रिकामा. विळ्याभोवतीच्या मऊ कागदाची मात्र नीट घडी घातलेली.

"नवराच," कुमार कुजबुजला.

सुचित्राचा नवरा प्रताप किचनमध्ये ओव्हनमधला अख्खा पिझ्झा हातानं तोडत होता. "मला तिकडे दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला जॉब मिळालाय, ही थीसिसपायी हलत नाही. भांडलो, मान्य. पण यार, विळा मी कशाला चोरू?"

"कापून तरी खा रे."

"सुरी सापडत नाहीये, काका."

खिडकीची कडी तपासायला कुमार स्क्रू-ड्रायव्हर आणायला गॅरेजमध्ये गेला. तिथून ओरडला, "अहिल्या! चोरानं हातोडा, पक्कड, सगळं साफ केलंय!"

अहिल्या हसली. "घरात अजून कोण?"

"सासूबाई, नागपूरहून आल्यात. त्यांना सांगितलंच नाही. जन्म शेतात गेला त्यांचा, त्यांना म्युझियमचं काय कळणार?"

"लिहितेस शेतमजुरांवर, आणि शेतात राबलेल्या बाईला विचारत नाहीस?"

सुचित्राचा चेहरा पडला.

"चोर कागदाची घडी घालत बसत नाही," अहिल्या म्हणाली. "आणि सुरी, हातोडा, विळा एकदम कोण चोरतं? ज्याला ती नुसती अवजारं दिसतात, तो. अवजारांना आज कामाला लावत नाहीत. दसरा आहे, बाई!"

वरच्या खोलीत सासूबाईंच्या, म्हणजे सरलाकाकूंच्या पाटावर सगळं मांडलेलं. मधोमध विळा.

"हळद-कुंकू लावलंत?" सुचित्रा किंचाळली.

"गंजलाय गं बिचारा. नुसतं फूल वाहिलं."

सुचित्रा मटकन खाली बसली आणि हसतच सुटली. कुमारनंही सुस्कारा सोडला.

"कोणाचा हा?" काकूंनी विचारलं.

"एका कुळाचा, आई. नावाला स्वतंत्र. पण जमीन सोडून जायची मुभा नाही. मालकानं जमीन विकली की हाही तिच्याबरोबर गेला. दोनला परत द्यायचाय हो."

"आत्ता किती वाजले?"

"साडेअकरा," कुमार म्हणाला.

"मग पडू दे की त्याला अर्धा तास. कधी सुट्टी मिळाली असेल त्याला?"

सुचित्रानं गाडीची किल्ली खाली ठेवली.