तीन वाजता तुटणारं चित्र

पलंग एक, खुर्ची एक, भिंतीवर तसबिरी तीन, औषधांच्या बाटल्या पाच, कोपऱ्यात उंचावर कॅमेरा एक आणि पलंगाखाली चप्पल एक. डावी.

अक्षता सहस्रबुद्धेने सगळं बोटांवर मोजलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. राजस दारात उभा होता. आठ महिने तो तिच्याबरोबर तपासाला हिंडत होता, पण या मोजण्यातून काय हाती लागतं, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

"मला कशात धरलंत?" पलंगावरच्या संभाजी रणपिश्यांनी विचारलं. "फर्निचरमध्ये?"

जीभ थोडी जड होती, पण डोळे हसत होते. खडकीच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि गेल्या दिवाळीत पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी केली.

"साक्षीदारांमध्ये," अक्षता म्हणाली. "पाय कसा आहे?"

"व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, सुधारतोय. त्यांचा व्यायाम मी करत नाही, हे त्यांना सांगू नका."

त्यांची मुलगी निकिता दोघांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"मे महिन्यात माझं लग्न आहे. मी गेल्यावर बाबांजवळ हिराताई राहतील, असं ठरलं होतं. पण आता त्यांच्यावर विश्वास राहिलेला नाही. आज उलगडा झाला नाही, तर उद्या त्यांना काढणार. मग बाबांना कात्रजच्या वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून इलाज नाही."

"बाबांना माहीत आहे?"

निकिताने मान हलवली. नाही.

हिराताई दिवसभर संभाजीरावांची देखभाल करत. निकिता हिंजवडीच्या ऑफिसातून मोबाईलवर बाबांच्या खोलीचं थेट चित्र बघायची. घराच्या भिंती दीड फूट दगडी, त्यातून वायफाय पलीकडे जात नसे. म्हणून तिने प्लगमध्ये खोचायच्या दोन डब्या आणल्या होत्या. एक इथे राऊटरपाशी, दुसरी आतल्या खोलीत कॅमेऱ्यापाशी. इंटरनेट घरातल्या विजेच्या तारांमधूनच आत पोचायचं.

"रोज तीनच्या सुमाराला हिराताई बाबांचा हात धरून त्यांना बाथरूमकडे नेतात. पलंग रिकामा दिसतो, आणि लगेच चित्र जातं. परत येतं तेव्हा बाबा पलंगावर असतात, दमलेले. शनिवार-रविवारी मी घरी असते, तेव्हा कधीच जात नाही. आज मुद्दाम लवकर निघाले. घराजवळ आले तेव्हा चित्र गेलं. धावत आत आले, तर बाबा पलंगावरच. मग तुम्हाला फोन केला."

"केव्हापासून?"

"दोन महिने झाले. आधी दोन-तीन मिनिटंच, तेही जायचं, यायचं, पुन्हा जायचं. आता चांगली वीस मिनिटं जातं, आणि जवळजवळ सलग."

"परत कसं येतं?"

"कसं म्हणजे? एकदम. काही झालंच नाही असं."

अक्षता आत गेली आणि तिने कॅमेऱ्याचा प्लग काढून परत लावला. कॅमेऱ्याने डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली, मग तो सरळ झाला. मोबाईलवर चित्र यायला मिनिटभर लागलं.

हिराताई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत. त्यांच्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. गजऱ्याचा असेल, राजसला वाटलं.

"तीन वाजता काय असतं, हिराताई?"

"बाबा जरा हिंडतात-फिरतात."

"आणि कॅमेरा?"

"त्याला मी हात लावला असेल तर झडो हा हात. पुढचं विचारू नका, ताई. मी शब्द दिलाय."

निकिता दारातूनच म्हणाली, "शब्द! आणि ती लग्नाची साडी फॉल लावायला दिलीत का? महिना झाला."

"दिलीये की," हिराताई गाळण्याकडे बघत म्हणाल्या. "शिवणारे जरा सावकाश आहेत."

वरच्या मजल्यावर घरमालक दत्तप्रसाद गोडबोले राहत. वर-खाली वायरिंग एकच होतं. कॅमेरा लावला तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला होता.

"आमच्या वेळी पाळत ठेवायला शेजारी पुरायचे," ते म्हणाले. "या बसा. चहा झालाच असेल तुमचा."

"वायरिंगला तुम्ही हात लावता?"

"माझं वय बहात्तर. मी फक्त रेडिओला हात लावतो. तोही हल्ली नीट ऐकू देत नाहीत. दुपारी तीन वाजले की कोणीतरी त्यात शेंगदाणे भाजायला बसतं."

"सलग भाजतात, की थांबून थांबून?"

दत्तप्रसादांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "थांबून थांबून. पण हल्ली हात बसलाय त्यांचा."

खाली उतरताना राजसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने निकिताला मोबाईल बघायला सांगितलं आणि स्वयंपाकघरातला मिक्सर लावला. चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि ते गेलं. मिक्सर थांबताच परत आलं. कॅमेऱ्याने मान वळवली नाही.

"सापडलं!" राजस म्हणाला. "हिराताई तीन वाजता चटणी वाटतात."

"रोज वीस मिनिटं? खडकी बाजाराला पुरेल एवढी," अक्षता म्हणाली. "पण अर्धं बरोबर आहेस. चल, मागची खोली बघू."

मागच्या खोलीत गाद्या होत्या, ट्रंक होती, जुना कूलर होता आणि मोटर बसवलेलं, कापडाने झाकलेलं शिलाई मशीन होतं. "आईचं," निकिता म्हणाली. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. कोणी वापरत नाही." कूलर आणि मशीन यांच्या मधे चप्पल पडली होती. उजवी.

अक्षताने ती तिथेच राहू दिली. "निकिता, अंगणात येता का जरा?"

अंगणात कडुलिंबाची पानं गळत होती. राजस स्कूटरला टेकून उभा राहिला.

"कॅमेरा कोणी बंद केलेला नाही," अक्षता म्हणाली. "प्लग काढला की तो पुन्हा सुरू होताना मान फिरवतो. तुमचं चित्र मात्र एकदम परत येतं. म्हणजे कॅमेऱ्याची वीज चालू असते. वाटेत बिघडतं ते तारांमधलं बोलणं. ज्या तारेने पंखा चालतो, तिच्यावरच या डब्या अतिशय जलद, नाजूक लहरी सोडतात. मिक्सरसारख्या मोटरीत आत बारीक ठिणग्या उडतात. त्यांची खरखर तारेत शिरते आणि त्या लहरी बुडतात. तीच खरखर वर गोडबोल्यांच्या रेडिओत शेंगदाणे भाजते."

"मग मिक्सर नाही, तर काय?"

"मिक्सर दोन महिन्यांपूर्वी चालायचा तसाच आजही चालतो. ही मोटर मात्र आधी अडखळत होती. क्षणभर चालायची, थांबायची. आता वीस मिनिटं चालते. मोटर शिकत नाही, निकिता. ती चालवणारा शिकतो."

निकिताने मागच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"त्या मोटरीचा वेग पायाने दाबून कमी-जास्त होतो. बधिर पायाला ते दाबणं कळावं म्हणून चप्पल काढून ठेवावी लागते. आज तुम्ही अचानक आलात. पलंगावर परतायच्या घाईत उजवी चप्पल तिथेच राहिली. सुई ओवायचं काम हिराताईंचं. दोरा अजून खांद्यावर आहे त्यांच्या."

"आईचं मशीन," निकिता म्हणाली. "बाबा? पण लपवायचं कशाला?"

"हात थरथरताना मुलीने बघू नये, म्हणून कॅमेऱ्यापासून लांब जात असतील. आपल्यामुळेच तो आंधळा होतो, हे त्यांच्या गावीही नाही."

"शिवतात काय पण?"

राजसला हिराताईंचं गाळण्याकडे बघत दिलेलं उत्तर आठवलं. त्याने तोंड उघडलं. अक्षताने त्याच्या बुटावर पाय ठेवला.

पण निकितालाही तेच आठवलं होतं. "सावकाश आहेत," ती पुटपुटली. "आई या अख्ख्या लाइनीतल्या घरांच्या साड्यांना फॉल लावायची. म्हणायची, निकीची लग्नाची पांढरी साडी मी बाहेर देणार नाही."

आतून हिराताईंनी हाक मारली, "चहा गार होतोय."

निकिताने ओढणीने डोळे पुसले. "कात्रजला फोन करून नको म्हणून सांगते. आणि हिराताईंना... बघते कसं सांगायचं ते. बाबांना यातलं काही कळू देऊ नका."

"एक करता येईल," राजस म्हणाला. "मशीनच्या प्लगला खरखर गाळणारा फिल्टर लावला, तर चित्र तुटणार नाही."

"नको," निकिता म्हणाली. "तुटू दे."

सोमवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या ऑफिसात अक्षताचा मोबाईल वाजला. तिने निरोप वाचला आणि फोन राजसकडे सरकवला. निकिताने एकच ओळ लिहिली होती.

आज चित्र चोवीस मिनिटं बंद होतं.