चौदा इंची वीर

जग वाचवायला जायचं होतं, आणि त्यासाठी खांदे चौदा इंचांत मावायला हवे होते.

शाळेच्या हॉलमध्ये समितीने लोखंडी कडं टांगलं होतं. त्यातून पार होईल तो निवडलेला वीर! धैर्य, बुद्धी वगैरे गोष्टी अध्यक्षांच्या भाषणात होत्या. कड्याला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. पंधरा वर्षांची काडी, जिला अंगकाठीवरूनच ते नाव पडलं होतं, एका झटक्यात पलीकडे गेली. बेकरीवाल्याचा मुलगा कान खरवडून घेत तिच्यामागून निघाला. टाळ्या कडाडल्या.

डोंगरावरचा तलाव काठोकाठ भरला होता, भिंतीला तडा गेला होता आणि जादा पाणी सोडणारा बोगदा तुंबला होता. भिंत फुटली की खालचं गाव, म्हणजे या लोकांचं अख्खं जग, वाहून जाणार. गाव रिकामं होत होतं, पण इस्पितळातले रोगी हलवता येत नव्हते आणि तिथे चादरी धुणारी काडीची आई त्यांना सोडून निघत नव्हती. बोगद्याचं तोंड चौदा इंचांचं. मोठ्या माणसांना त्यात शिरता येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं.

वाट दाखवायला मामा आला. काडीच्या आईचा हा धाकटा भाऊ याच बोगद्यात शिरलेला, पंचवीस वर्षांपूर्वीचा वीर होता. त्याबद्दल तो कधी अवाक्षर काढत नसे. फक्त जेवायच्या आधी तीनतीनदा हात धूत असे. गाडीरस्ता बंद आहे, असं अध्यक्षांनी त्याला सांगितलं होतं. म्हणून तिघं जंगलातून पायी निघाले.

दोन दिवस! पहिल्या दिवशी दलदल लागली. कुजक्या पानांचा काळा रबरबाट मांड्यांपर्यंत येई आणि प्रत्येक पावलाला त्यातून सडक्या अंड्यांचा वास उसळे. बेकरीवाल्याच्या मुलाच्या पोटरीवर अकरा जळवा निघाल्या. बारावी मोज्यात फुगून फुटली तेव्हा त्याला भडाभडा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी घसरड्या दगडांचा उतार आला. काडीचा पाय निसटला, मामाने मनगट पकडलं, बखोटीला धरून वर ओढलं. खाली बघायचं तिने टाळलं.

दुपारी तिघं तलावापाशी पोहोचले आणि जागीच थबकले. तिथे दोन जीपगाड्या उभ्या होत्या. खुर्च्या मांडल्या होत्या. समिती चहा पीत होती.

"रस्ता चालू होता?" मामाने विचारलं.

"वीर पायीच येतात. परंपरा आहे आपली," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

दोन दिवसांत पाणी आणखी हातभर चढलं होतं. काडीला अशी शिसारी आली की जळवा बऱ्या वाटल्या. पण आई खाली होती. तिने दोर आपल्या आणि मुलाच्या कंबरेला बांधला.

मामा तिच्या कानाशी वाकला. आत उजव्या हाताला एक कोनाडा आहे, पाणी सुटलं की त्यात घुसा, असं त्याने बजावलं. मग हळूच म्हणाला, "नाही जमलं तर परत ये. मी कुणाला तुला जाब विचारू देणार नाही."

बोगद्याच्या खालच्या तोंडातून ती शिरली, मागोमाग मुलगा. आत अंधार. कोपरांवर सरपटायचं. भिंतींना शेवाळाचा बुळबुळीत थर, हाताखाली मेलेला उंदीर. नाक बंद, तोंडाने श्वास! कोनाडा मागे पडला आणि पुढच्या वळणावर बोळा लागला. काडीने जवळची लोखंडी आकडी त्यात रोवून ओढली. फाटका कागद आला. कागदी ताटल्यांचा लगदा आला. सुकलेल्या हारांच्या दोऱ्या आल्या, केसांच्या गुंत्यासारख्या. मग चिखलाने माखलेलं एक मेणकापड आलं. ते तिने पुसून विजेरीसमोर धरलं.

त्यावर मामाचा चेहरा रंगवला होता. पंधरा वर्षांचा. खाली लिहिलं होतं, 'जगाचा तारणहार'.

दरवर्षी वीरांचा समारंभ तलावाकाठी होई आणि उरलंसुरलं सगळं पाण्यात ढकललं जाई. पंचवीस वर्षांचे सत्कार इथे येऊन कुजले होते! काडीने रागाने, दात-ओठ खात, आकडी पुन्हा हाणली. एकदा. दोनदा. बोळा हलला. पाणी गुरगुरलं.

"मागे हो!" ती ओरडली.

मुलगा भीतीने गारठला होता. तिने त्याला लाथेने मागे रेटलं, कोनाड्यात कोंबलं, स्वतः त्याच्यावर जाऊन आदळली. पाणी सुटलं! डोळ्यांपुढून काळा लोंढा गडगडत गेला. कोनाडा गळ्यापर्यंत भरला. मग बाहेरून मामाने दोराला हिसका दिला, आणि दोघं घाणीसकट बाहेर फेकली गेली.

तलाव उतरू लागला होता. समितीने नाकाला रुमाल लावले. कुणी जवळ येईना. मुलं आधी कुठेतरी धुऊन आणावीत, मग पदकं घालू, असं अध्यक्ष दुरूनच सुचवत होते. त्यांच्यामागे दोन खांबांवर नवंकोरं मेणकापड ताणलेलं होतं आणि त्यावर काडी आणि तो मुलगा हसत होते.

दोघं थडथड कापत होती. मामाने खिशातला चाकू काढला, त्या मेणकापडाच्या चारही दोऱ्या कापल्या आणि त्यातच पोरांना एकत्र गुंडाळलं, रंगवलेले चेहरे आतल्या बाजूला ठेवून.

"अहो, फोटो राहिलाय अजून!" अध्यक्ष म्हणाले.

"काढा की," मामा म्हणाला. "दोघंही यातच आहेत."

मग त्याने पोरांना अध्यक्षांच्या जीपमध्ये बसवलं, स्वतः चाक हातात घेतलं आणि गाडी सरळ इस्पितळाच्या रस्त्याला लावली.