दुसरी किल्ली

"एकटीनं उघडायचं नाही हं. शेजारी दुसरं माणूस असल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, देव आला तरी!" औषधविभागाच्या मोठ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

रुग्णालयाच्या भिंतीत बसवलेलं ते लोखंडी कपाट मॉर्फिनचं. कायद्यानं त्याला दोन कुलुपं, दोन माणसं. वरच्याची किल्ली माझ्या गळ्यात, जपमाळेसोबत. खालच्याची मोठ्या बाईंकडे असायची. त्या वारल्यापासून ती डॉक्टरांकडे असते.

आता वरच्या मजल्यावर माझ्या वन्सं होत्या. दुखणं हाडांत उतरलेलं. सकाळी म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या देवाला सांगा, कान झाकून घे. आज मी ओरडणार आहे."

दुपारी नर्स डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन धावत आली. "त्या उशी चावतायत हो!"

"डॉक्टरांना बोलवा. खालची किल्ली त्यांच्या खिशात आहे."

ती गेली. मी माझी किल्ली कुलपात घालून उभी राहिले. फिरवली नाही. वरून वन्संचा आवाज येत होता. मी नामस्मरण करत होते, पण ओठ पुढे सरकेनात. फ्रीजची घरघर थांबली. खांद्याशी कुणीतरी श्वास घेतला. दात आवळून, वेदना सोसणारा माणूस घेतो तसा.

खालचं कुलूप खट्‌कन उघडलं. त्यात किल्ली नव्हती.

शेजारी दुसरं माणूस होतं. मी माझी किल्ली फिरवली.

डॉक्टर आले ते किल्ली हातात घेऊनच. उघडं दार बघून थबकले. "कुणी उघडलं?"

"आम्ही दोघींनी."

"दोघी कोण?"

मी खोटं बोलत नाही. "मोठ्या बाई होत्या."

डॉक्टरांनी कपाटातली एक कुपी उचलली. आधी वर जाऊन वन्संना इंजेक्शन दिलं. त्यांचा चेहरा सैल पडला, डोळा लागला. मग खाली येऊन आम्ही दोन्ही कुलुपं लावली. डॉक्टरांनी ती दोनदा ओढून पाहिली.

"बाई गेल्या कशा?" त्यांनी हळूच विचारलं.

"वरच, आता वन्सं आहेत त्याच खाटेवर. त्या आजारी पडल्यावर खालची किल्ली ज्या साहेबांकडे दिली होती, ते वेळेवर पोचले नाहीत. मी म्हटलं, कुलूप तोडते. तर म्हणाल्या, वेडी आहेस का? नियम तो नियम." मी कपाटाकडे पाहिलं. "आणि शेवटी म्हणाल्या, पण यापुढं इथं कुणाला कण्हू देणार नाही मी."

फोन वाजला. डॉक्टरांनी उचलला. नर्स होती.

"झोपेत कण्हतायत? कण्हू देत. आता रात्रीपर्यंत काही द्यायचं नाही. आणखी एक डोस गेला, तर श्वास थांबेल त्यांचा."

माझ्या पाठीमागे खट्‌ झालं.

मग पुन्हा खट्‌.

माझा हात गळ्याशी गेला. किल्ली तिथंच होती.

कपाटाचं दार उघडं होतं. कुप्यांच्या रांगेत एक जागा रिकामी. आणि बाहेर, जिन्यावर, सपाता वाजत होत्या. सावकाश, एकेक पायरी, वर.