रिकाम्या सीटचा पट्टा

तो मोठा दिवा घालवा रे, डोळ्यांवर येतो. हं. आता बसा.

लीव्हेन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करत सगळा बेल्जियम पालथा घालायचा. काम आटोपलं की जवळचा कॅसिनो गाठायचा आणि पन्नास युरो घेऊन पोकरच्या टेबलावर बसायचा. पन्नास संपले की उठायचा. व्यसन नव्हे. परगावी एकट्याला चार माणसांत बसायला मिळायचं, एवढंच.

दोन हजार चौदा साल. नोव्हेंबरची तेरा तारीख, गुरुवार. समुद्रकाठच्या एका गावात भट्टी पेटवून दिली आणि हा टेबलावर जाऊन बसला. शेजारी ओमेर नावाचा म्हातारा, जुना मच्छीमार, अंगानं चांगलाच दांडगा. दोघांचं लगेच जमलं.

"अरे पोरा, पत्ते आहेत ते. अंडी उबवल्यासारखा काय बसलायस?" ओमेर चिडवायचा.

अकराच्या सुमाराला एक डाव वाढत गेला. मध्ये किती? जेमतेम ऐंशी युरो. पत्ते दाखवायची वेळ आली. लीव्हेनच्या हातात दोनच राजे होते. तोंडातून मात्र निघालं, "तीन राजे."

ओमेरनं मान डोलावली. माणसाचा शब्द म्हणजे शब्द. त्यानं आपले पत्ते उलटेच पुढे सारले. असे सारलेले पत्ते मेले, परत घेता येत नाहीत. मग लीव्हेननं आपले उघडले. दोन राजे.

पत्ते वाटणारी कात्रिन नुसती बघत राहिली.

"चुकून... चुकून बोललो," लीव्हेन म्हणाला. पण ऐंशी युरो ओढले त्यानं.

ओमेर रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. निघताना म्हणाला, "गाडी आहे ना तुझी? लेफिंगला घरी सोड की. माझी बस गेली."

लेफिंग वाटेवरच होतं. पण या माणसाशेजारी बसायचं कुठल्या तोंडानं?

"मी ब्रुगेकडे चाललोय," लीव्हेन म्हणाला. रात्रीतलं आणखी एक खोटं.

"बरं. मग टॅक्सी बोलावतो."

साडेअकराला लीव्हेन निघाला. कालव्याकाठचा रस्ता, दाट धुकं. पावणेबाराला गाडीत टिंग टिंग सुरू झालं. शेजारच्यानं पट्टा लावला नाही की वाजतं ना, ते. त्यानं पाहिलं. सीट रिकामी. पिशवी नाही, कोट नाही. गाडी थांबवली. बंद केली. पुन्हा चालू केली.

टिंग... टिंग...

"कोण आहे?"



त्यानं हात लांबवला. पट्टा ओढला. आणखी ओढावा लागला... बराच. खटका बसला. आवाज थांबला.

पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे... हवेत. हळूच वर यायचा. हळूच खाली जायचा.

लीव्हेननं नजर रस्त्यावर रोवली. गाडी पुढे घेतली.

"दोनच होते, ओमेर," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं... दोनच."



लेफिंगचं चर्च आलं. गाडी थांबली. शेजारी खटका सुटला... आपोआप. दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो ऐंशी युरो घेऊन कात्रिनकडे गेला.

"ओमेर?" ती म्हणाली. "त्या रात्री दाराबाहेर बाकावर बसला होता. पावणेबाराला टॅक्सी आली, तोवर संपला होता..." मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच ना ते? तीन राजे?"

मला हे सांगताना लीव्हेननं एकदाही मान वर केली नाही. पुन्हा कधी पत्त्यांना हात लावला नाही. गाडीही मलाच देऊन टाकली.

खाली उभी आहे ती. मेकॅनिकनं पट्टा दोनदा खोलून पाहिला, कुठे बिघाड नाही. तरी तो पुरता आत जात नाही. एक दांडगा माणूस मावेल... तेवढा बाहेरच राहतो.