सरळ सागाची गुराब

शंखदुर्गाच्या दर्याकडील तटावर मावळतीचे ऊन पडले, आणि खाडीपलीकडच्या रानात गनिमाच्या पहाऱ्यात उभा असलेला, नावा बांधणारा रवळू मेस्त तिकडेच पाहू लागला. कारण त्या तटामागे उपाशी गडकऱ्यांबरोबर त्याची एकुलती लेक आवडी कोंडली होती, आणि तोच तट पाडणारी तोफांची नाव, गुराब, बांधण्यासाठी गनिमाने त्याला धरून आणले होते.

समोर ऐनाचे झाड होते, बुंध्यापासूनच वाकलेले, गाठाळ. गुराबीच्या वाकांना, म्हणजे तिच्या पोटातल्या फासळ्यांना, असेच जन्मतः वळलेले लाकूड लागते. रवळूने वाकाच्या आकाराचा बांबूचा फर्मा लावून पाहिला, तंतोतंत बसला. असे झाड मेस्ताला जन्मात एखादेच भेटते. त्याने फर्मा काढून घेतला.

"सरकार, हे लाकूड कुचकामी," तो गनिमाला मिळालेल्या कुसाजीरावांना म्हणाला. "वखारीतला सरळ साग द्यावा. त्यातूनच वाक कापून काढतो."

"शाबास, मेस्त!" कुसाजीराव तलवारबहाद्दर खरे, पण लाकडातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. "उधाणाच्या दिवशी गुराब पाण्यात हवी. आणि पहिल्या खेपेस मेस्ताने स्वतः नावेत बसावे, हा तुमचा रिवाज ध्यानी असू द्या."

"रिवाज मोडणार नाही, सरकार."

करवत ओढताना त्याच्याच गावचा भिवा सुतार कुजबुजला, "मेस्तांनू, सरळ लाकूड वाकडा कापला तर त्याचे रेषे तुटतत. तोफेच्या पयल्या धक्क्याक फाटताला. तुमी आत आसतलात!"

"माका म्हायत आसा. गप रव."

उधाणाच्या सकाळी गुराब तटासमोर आली. पहिला बार सुटला, वाक उभे फाटले, पाणी भसाभस आत घुसले. रवळू डोलकाठीला धरून गडाकडे पाहत समाधानाने हसला. आणि त्याच क्षणी त्याला गडावर गनिमाचे निशाण चढताना दिसले. किल्लेदाराने फितूर होऊन पहाटेच जमिनीकडचा दरवाजा उघडून दिला होता. ती खबर पोचायच्या आत गुराब रवळूसकट तळाला गेली.

किल्लेदाराला जहागीर मिळाली. कैद्यांची रांग पुळणीवरून निघाली तेव्हा लाटांनी आणून टाकलेल्या फुटक्या सागाच्या ढिगाला लाथ मारून कुसाजीराव गरजले, "हा म्हणे नामी मेस्त! लाकूड पारखता येईना!"

रांगेतली आवडी ढिगाशी उभ्या भिवापाशी थबकली. "भिवाकाका, माझ्या बापाशीक लाकूड कळत न्हवता?"

पहारेकरी ऐकत होते. खरे सांगावे, तर दगाबाजाची लेक म्हणून तिचेच डोके उडणार होते.

"नाय गो बाये," भिवा म्हणाला, "नाय कळत होता."